इतिवृत्तात न आलेलं

आमच्या मंडळाचं इतिवृत्त मी लिहितो, निळ्या शाईत:
तारीख, हजेरी,
कुणाचं बूच कुणाच्या कानाजवळून गेलं.
मार्चची बैठक चरईत, ब्रिजिताबायच्या गच्चीवर.
लिहिण्याजोगं पुष्कळ होतं.

कुंदा भोपींनी यऊरच्या करवंदांची वाइन आणली.
रंग असा, की पांढऱ्या साडीवर सांडली तर सोयरीक मोडावी.
चव खोकल्याच्या औषधाची.
कुंदाताईंनी ते वाक्य खोडायला लावलं,
मग मी 'गुणकारी' असं लिहिलं.

दशरथ उबाळे तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी.
घडातून सुटलेले मणी, ज्यांचा लिलावात कुणी पुकारा करत नाही,
ते तो पहाटे डब्यात गोळा करतो, जेवणाच्याच.
बरणीच्या तोंडाला नातवाच्या वाढदिवसातला उरलेला फुगा.
तिसऱ्या रात्री फुगा ताठ उभा राहिला
आणि शेजारची पोरं दारात जमली:
आजोबा, द्राक्षं श्वास घेतायत.
हे मी जसंच्या तसं नोंदवलं.

नेरूळच्या ग्रेसम्मा कुरियन लेकाकडे कोट्टयमला चालल्या, कायमच्या.
आल्याच्या वाइनची कृती सांगितली सगळ्यांना.
लवंगा किती, ते नाही सांगितलं.
आभाराचा ठराव एकमताने मंजूर.

शेवटी, नेहमीप्रमाणे, रेगुंडवार साहेब.
पेला उजेडाकडे धरायचा, नाकाजवळ न्यायचा,
डोळे मिटायचे, आणि आम्ही सगळ्यांनी
दहावीच्या निकालासारखं थांबायचं.
चाळीस वर्षं उत्पादन शुल्क खात्यात घालवलेलं नाक ते.
बंद गोणीतला गूळ रस्त्यावरून ओळखायचं, असं म्हणतात.
"जांभूळ. मागच्या जूनचं. गहू जरा जास्त पडलाय."
बरोबर. टाळ्या. हेही लिहिलं.

आता जे लिहिलं नाही ते.

एक्क्याण्णव साली, नाताळाच्या आठ दिवस आधी,
याच घराच्या ओट्यावर एक तरुण इन्स्पेक्टर आला होता.
सहा भरण्या. परवाना नव्हता.
त्यानं एकेक करून त्या गटारात उपड्या केल्या,
आणि चरईची गल्ली चर्चपर्यंत
जांभळाच्या वासानं नुसती दरवळत राहिली.
ब्रिजिताबाय दारात उभी होती, पदर खोचून.
ती बोलली ते एवढंच, "भरणी फोडू नको रं, आयची हाय."
त्यानं फोडली नाही.

साहेब आमच्यात आले त्याला सहा वर्षं झाली.
तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं.
त्यांनीही. दोघं त्यावर कधी बोलले नाहीत.
पहिला पेला मात्र ती त्यांनाच देते,
आणि तो रिकामा केल्याशिवाय
ते खुर्चीला पाठ टेकत नाहीत.

मार्चमध्ये मी त्यांच्या मागेच बसलो होतो, वही मांडीवर,
म्हणून मला दिसलं:
पेला देताना ती किंचित वाकली,
आणि ओठ न हलवल्यासारखं करून म्हणाली,
"जांभूल. जूनचा. गहू जास्त झालाय माझ्या हातून."

तापानंतर साहेबांचं नाक गेलंय.
दीड वर्षं झालं. फोडणी करपली तरी कळत नाही,
असं त्यांच्या सूनबाई जिन्यात कुणाला तरी सांगत होत्या.
म्हणजे गेल्या दीड वर्षातले सगळे निकाल,
माझ्या वहीतली सगळी निळी पानं,
ती सांगत होती. ते वाचून दाखवत होते.

गच्चीवर अंधार पडत चालला होता.
कोपऱ्यात ती आईची भरणी, मलमल बांधलेली,
कान लावला तर आत बारीक बुडबुड.
साहेबांनी पेला अजून नाकाशी धरलेला,
डोळे मिटलेले,
आणि मला वाटलं, या क्षणी त्यांना येत असेल तर
तो फक्त एक्क्याण्णवचा वास.

मी पेनाला टोपण लावलं.
पुढची बैठक: एप्रिलचा पहिला रविवार.
स्थळ तेच.