एकवीस

थोंग बाईंच्या वॉर्डात पहिला महिना
हातात सुई नसते, रेडिएटर असतो.
तळवे तापवायचे, मगच नाडीला शिवायचं.
"गार बोटांना," बाई म्हणतात,
"फक्त स्वतःचाच गारठा ऐकू येतो."

बाहेर हार्बिन, उणे सव्वीस.
मी लुआन आजोबांच्या मनगटावर
तीन बोटं टेकवून आठवत बसते :
तारेसारखी? निसटती? बुडालेली?
पुस्तकात अठ्ठावीस नाड्या आहेत.
माझ्या बोटांना एकच कळते :
चालू.

सुईचं शिक्षण त्याआधीचं.
साबणाची वडी, कापसाची उशी,
मग होस्टेलातली गोठवलेली नासपती, अर्धी विरघळलेली,
जिची साल आधी अडते
आणि एकदम हो म्हणते.
मग एकमेकींच्या पोटऱ्या.
लांग यूछीच्या पायावर माझे तीन निळे डाग अजून आहेत,
उन्हाळ्यात ती ते मिरवणार आहे.
सुई बसली की आत काहीतरी तिला धरतं.
ठणक नाही, मुंग्या नाहीत, दोन्हींच्या मधलं काही.
आम्ही विचारतो, "आलं का?"
रोगी म्हणतो, "आलं."
कोण आलं, ते कुणीच कुणाला विचारत नाही.

लुआन आजोबा चाळीस हिवाळे
सोंगहुआच्या काठावर बसून
स्केटच्या पात्यांना धार लावायचे.
नदी गोठली की दुकान उघडायचं,
नदी सुटली की बंद.
आता अर्धांगानंतर उजवी मूठ मिटलेली.
सात सुया डोक्यात, आडव्या, केसांखाली,
बाकीच्या हातापायांत.
एकवीस, असं मी पडद्याला टाचलेल्या चिठ्ठीवर लिहिलं.

काढल्यावर वीस भरल्या.

पुन्हा मोजल्या. चादर झटकली.
पलंगाखाली मोबाइलच्या उजेडात
धूळ, एक बटण, कुणाचा तरी मोजा.
आजोबा तोवर कानटोपी चढवून बसमध्ये बसले होते,
कुठल्या, तेही कुणाला माहीत नाही.
बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत,
तेच वाईट झालं.
फोन लावला, वाजत राहिला.
रात्री मी कुठल्याही कुशीला वळले
तरी उशी मलाच टोचत होती.

सकाळी दार उघडायच्या आधी आजोबा रांगेत पहिले.
डाव्या हातात वर्तमानपत्राची पुडी,
पुडीत सुई.
"बायकोनं विंचरताना काढली. ओरडली केवढी!"
मग त्यांनी सुईचं टोक अंगठ्याच्या नखावरून
हलकेच ओढून पाहिलं,
जसं पातं पाहत असतील,
आणि नाक मुरडलं.
"हिला धार कुठाय? नुसती टोचते."
मला माफी मागायची होती.
त्यांना धारेबद्दल बोलायचं होतं.
बराच वेळ बोलले :
दगड कुठला, पाणी किती,
पोरं घाई करतात आणि बर्फावर आपटतात.
उजवी मूठ मिटलेलीच होती.

बाईंनी सुई पिवळ्या डब्यात टाकली,
कालचं पान काढलं,
वीसवर रेघ मारून एकवीस लिहिलं,
शेजारी वेळ : आठ वाजून दहा.
सही केली, खाली माझी घेतली.
मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"हात तापव."