कोरा दगड

दप्तर नसलेला शनिवार. चौथी ब. पारडी.
रोमन लोक आमच्या पुस्तकात नाहीत,
म्हणून त्यांना वर्गात घ्यायला
कुणाला विचारावं लागलं नाही.
घरून आणलेल्या चादरी खांद्यांवर.
डिंपल उईकेच्या चादरीवर दोन मोर,
इर्शादच्या चादरीला इस्त्रीचा डाग,
तो म्हणतो, लढाईतला आहे.

कळमन्याहून आणलेली संत्र्याची पेटी,
तिच्यात रस्ता: तळाला धोंडे, वर गिट्टी,
मग चुना, रेती, फुटक्या फरशीचे तुकडे,
मध्ये जरासा उंच, काठांना उतरता,
म्हणजे पाणी थांबत नाही.
अख्खी वॉटरबॅग ओतली.
पाणी थांबलं नाही,
फळ्यांच्या फटीतून थेट माझ्या चपलेत.
"मॅडम, आपल्या रोडले काऊन नाही करत असं?"
पूर्वजा निखारेनं विचारलं.
मी खडू शोधू लागले.

मग मैलाचे दगड, बुटांच्या खोक्यांचे.
व्हरांड्यात दर दहा पावलांवर एक:
उभी रेघ, दोन रेघा, तीन,
चारवर भांडण,
रेघ पाचाच्या अलीकडे की पलीकडे.
वाऱ्यानं नववा पाडला, कुणी उलटा उभा केला,
तर तो अकरा झाला,
आणि हे फक्त लांजेवार शिपायाच्या लक्षात आलं.

पण पहिल्याच्या आधीचा?
वर्गाच्या उंबऱ्याशी, जिथून मोजायचं तिथला?
"शून्य कसं काढत होते ते?"
नव्हते काढत, म्हटलं. त्यांच्या आकड्यांत शून्यच नव्हतं.
वर्ग हसला. एवढे मोठे लोक, आणि शून्य नाही!
"आपल्याकडे तं अख्खा खांब हाये शून्याचा,
चार घोडे हायेत बाजूले,"
इर्शाद अशा सुरात म्हणाला
की तो त्याच्या मामानंच उभा केला असावा.
शेवटी ठरलं,
उंबऱ्यावरचा पुठ्ठा कोराच ठेवायचा.

सम्यक गजभिये तेव्हापासून तळहातावर लिहितो.
वडील ट्रकवर, विशाखापट्टणमहून लोखंड घेऊन निघालेले.
रात्री फोनवर ते दगड वाचतात,
सकाळी हा मला हात दाखवतो.
सोमवारी CXL. देवरी. गिअरबॉक्स गेला.
मंगळवारी CXL.
बुधवारी CXL,
बॉलपेननं गिरवून गिरवून जाड केलेलं,
कातडीत रुतलेलं.
गणिताच्या तासाला मी त्याला
वजाबाकी विचारली नाही.
गुरुवारी LX. भंडारा.
"आता गाडी चालते, मॅडम," एवढंच म्हणाला.

शुक्रवारी तो आला दुसऱ्या तासाला.
केस ओले, शर्टाची बटणं एक घर चुकलेली.
"उशीर काऊन झाला रे?"
माझ्याही तोंडून त्यांचंच निघालं.
त्यानं हात पुढे केला.
साबणानं घासून लाल झालेला.
कोरा.

मागच्या बाकावर जा, म्हटलं.
प्रार्थनेच्या चादरीची घडी उशाला दिली.
जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली, तरी उठला नाही.