दोन मुली आणि एक

पहिला धडा त्यानं दिला तो शिशाचा नव्हता,
पाण्याचा होता.
"घामाचा एक थेंब मुशीत पडला, लोरेटा,
तर सगळं शिसं उठून तोंडावर येतं.
आधी कपाळ पूस."

सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली मी.
मुलांना सुट्टी लागली की माझे हात रिकामे,
आणि भावाच्या जुन्या रायफलच्या मापाची गोळी
आता कुठल्याच दुकानात मिळत नाही.
म्हणून ओर्विल स्टेन्सरुडकडे गेले.
गावच्या साप्ताहिकात चाळीस वर्षं
शिशाच्या ओळी ओतणारा माणूस.
साप्ताहिक बंद पडलं, भट्टीची खोड राहिली.

गॅरेजचं दार अर्धं वर. पलीकडे मिल्क नदी,
नाव दुधाचं, रंग उकळलेल्या चहाचा.
मॉन्टानाचा वारा धूर ओढून नेतो तोवर काम,
वारा पडला की भट्टी बंद, असा त्याचा नियम.
डबा, सँडविच, कॉफी: उंबऱ्याबाहेर.

टायरवाल्याकडची वजनांची बादली
त्यानं माझ्यापुढे ओतली. "निवड."
फरशीवर एकेक टाकायचं आणि ऐकायचं.
शिसं धप्प म्हणतं,
जस्त टण्ण म्हणतं.
एक टण्ण चुकून आत गेलं
की सगळी मूस लापशीसारखी होते.
दुपार गेली धप्प-टण्ण करण्यात.
मी इतकं कान देऊन
आईचंही कधी ऐकलं नव्हतं.

मग मेणाचा तुकडा, भपका, राखाडी मळी
डावानं हळूच काढलेली,
आणि खाली एकदम आरसा.
माझं तोंड त्यात, गॉगलसकट, हललं.

माझ्या पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या,
फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारख्या.
"साचा गार आहे," तो म्हणाला, "लाजतोय."
सगळ्या परत मुशीत.
पुढच्या खेपेला साचा तापला जास्त,
गोळ्यांवर पहाटेच्या गवतासारखं दंव.
त्याही परत.
साच्याची झडप लाकडी दांड्यानं ठोकायची,
लोखंडानं नाही. हे तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा माझ्या हातातली हातोडीच काढून घेतली.

तिसऱ्या दिवशी त्यानं खोकं आणलं.
छापखान्यातल्या उरलेल्या ओळी,
कथील आणि अँटिमनी मिसळलेलं कडक शिसं.
"नुसतं शिसं मऊ. थोडं हे टाकलं की गोळी आकार धरते."
मी एक ओळ उचलली. अक्षरं उलटी.
पर्समधला आरसा काढून धरला:
*त्यांच्या पश्चात दोन मुली आणि एक*

पुढची ओळ मुशीत होती.
किंवा खोक्याच्या तळाशी.
मी सगळं उपसलं. गुरांचे भाव, चर्चमधलं जेवण,
हरवलेला कुत्रा, गारांचा विमा.
"एक काय?"

ओर्विल तापमापकाकडे बघत राहिला.
"घोडा," म्हणाला. "हाल्वर लुंडेचा.
संपादकानं कापलं होतं.
मी रात्री परत घातलं."
"मग?"
"मग काय. कुणीच तक्रार केली नाही.
मुलींनी तर कात्रण फ्रेम केलं."

मला ती ओळ खिशात घालावीशी वाटली.
त्यानं हात पुढे केला, तळवा वर,
बसमध्ये मी च्युइंगगम मागते तसाच.
दिली.
आधी कडा वाकली, मग मुली गेल्या,
मग *आणि*,
मग आरसा.

संध्याकाळी टॉवेलवर अकरा गोळ्या उतरल्या.
ना सुरकुती, ना दंव,
तराजूवर फरक केसाएवढा.
कोपरापर्यंत साबण लावून गार पाण्यानं हात धुतले,
नखांत ब्रश, दोनदा,
तो घड्याळ लावून मागे उभा.

घरी येऊन त्या खिडकीत ओळीनं मांडल्या.
ओर्विल म्हणतो, रविवारी जुन्या खाणीपाशी जाऊ,
डबे लावू, खांद्याला धक्का बसेल, सवय होईल.
जाईन.
पण अकरापैकी कुठल्यातरी एकीत
घोडा आहे,
आणि ती कोणती
हे तराजू सांगत नाही.