पीव्ही करू नये

रात्री अडीचला नाशिकच्या सिव्हिलच्या फाटकात पिकअप थांबली.
मागे द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवर गोधडी टाकून बसलेली
ललिता गावित, मूळची सुरगाण्याची,
हंगामापुरती मोहाडीच्या पॅकहाउसवर.
एकोणतीस आठवडे पुरे.
म्हणाली, सिस्टर, मुतले की काय तेच कळेना,
थांबवायला गेले तर थांबेना.

पाणमोट.
नाकाला आधी कळतं. लघवीचा वास तिखट,
याचा ओल्या पिठासारखा, जरा गोडसर.
परकर पोटऱ्यांपर्यंत भिजलेला, फेब्रुवारीची थंडी,
आणि माझा उजवा हात
सवयीनं ग्लोव्हजच्या डब्याकडे निघालेला.

नाही, डॉक्टर निलोफर म्हणाल्या. बोट नाही.

एकतीस वर्षं या दोन बोटांनी मी वाचत आले.
नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट, म्हणजे अजून लांब आहे.
ओठासारखं मऊ, म्हणजे आलंच.
एक बोट, दोन बोटं, चार, मग डॉक्टरांना हाक.
शरणपूरची माझी मावशी म्हणायची,
देवानं तुझ्या बोटांना डोळे दिलेत.
दिले असतील. पण

पंच्याण्णव साली याच खाटांच्या ओळीत
देवळालीची अनसूया होती, सातवा महिना.
दर चार तासांनी आम्ही तपासत होतो, शिकाऊ पोरंसुद्धा,
किती उघडलं, किती उघडलं.
तिसऱ्या दिवशी तापानं फणफणली. पाण्याला वास.
बाळ संध्याकाळपर्यंत होतं.
कुणाच्या बोटांनी,
हे कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं नसतं.

म्हणून आता
निर्जंतुक स्पेक्युलम, गार लागू नये म्हणून कोमट केलेलं.
दिवा गुडघ्यांच्या मधे.
ललिता, खोक बघू.
खोकली, आणि पिशवीच्या तोंडातून पाणी झिरपलं,
तळाशी साठलं, दिव्यात चमकलं.
तोंड मिटलेलं दिसत होतं. पाहिलं, आणि पुरे.
पिवळ्या पट्टीनं लगेच निळा रंग धरला.
एक थेंब काचेवर वाळवला, मायक्रोस्कोपखाली ठेवला
आणि नेच्याची पानं उगवली,
दांड्याला दांडी, दांडीला पातं,
सुरगाण्याच्या घाटातल्या ओल्या कपारीत असतात तशी.
कितीदा पाहिलंय. तरी मान लवकर वर निघत नाही.

सासू दारातून म्हणाली,
आत हात घालून नीट बघा ना,
नुसतं बघून काय कळायचं?
मला पटकन उत्तर सुचेना.
ललिताच बोलली, पडल्या पडल्या:
आत्या, घडाला बोट लागलं
की सुपरवायझर तो बाजूला काढतो ना?
मण्यावरची पांढरी पावडर पुसली, माल खलास.
देठाला धरायचं. तसंच असंल.

तसंच, मी म्हणाले. बरंचसं तसंच.

मग इंजेक्शन, बाळाच्या फुफ्फुसांसाठी,
दुसरं उद्या याच वेळी. अँटिबायोटिक.
पॅड फेकायच्या आधी मला दाखवायचं,
रंग कसा, वास कसा.
नाडी, ताप, बाळाचे ठोके, दर चार तासांनी.
चार तास तेच,
फक्त हात बाहेर.

केसपेपरवर लाल शाईनं लिहिलं, पीव्ही करू नये.
खाली दोन रेघा.
सकाळी इंटर्न तन्मय बाही सरसावत आला,
मी पेनाचं टोक रेघेवर ठेवलं, बोलले नाही.

सहा दिवस झाले. पाणी अजून थेंब थेंब.
ताप नाही. कळा नाहीत.
ललिता कुशीवर पडून बुडालेली हजेरी मोजते,
हंगाम संपायच्या आत सुटेन का विचारते.
मी म्हणते, सुटायची घाई करू नकोस.
आणि एप्रनच्या खिशात
माझा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहतो,
एकोणतीस आणि चार, एकोणतीस आणि पाच,
आणि सहा.
उद्या तीस.