गोल वाळू

आईच्या भिंतीवर तारखा आहेत.
भेग जिथवर पोचली तिथे पेन्सिलची आडवी रेघ,
रेघेशेजारी दिवस, महिना आणि एखादाच शब्द:
‘पहाटे.’ ‘जेवताना.’ ‘करडी शेळी व्याली तेव्हा.’
पहिली रेघ जमिनीपासून वीतभर होती.
आता खुर्चीवर चढून लिहिते.

मी वाळू वाहतो.
पराना नदीच्या काठावरून, हजार-बाराशे किलोमीटर,
दोन रात्री, वाऱ्याला खांदा देत,
आन्येलोच्या पुढच्या उघड्या पठारापर्यंत.
एका विहिरीला किती खेपा लागतात
ते मोजायचं मी सोडून दिलं.
मोजायला कंपनीने माणूस ठेवलाय.

खडकाचं नाव वाका मुएर्ता, मेलेली गाय.
कुणाची गाय, कशाने मेली, कुणालाच नीट सांगता येत नाही.
इंजिनिअर ओयार्सूनने एकदा त्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.
काळा, पाटीसारखा, पापुद्र्यापापुद्र्याचा.
म्हणाला, इथे समुद्र होता. तळाशी हवा पोचत नव्हती.
शेवाळ, मासे, वेटोळं घालून बसलेले शिंपले,
जे मेलं ते कुजलं नाही, नुसतं साठलं,
चौदा कोटी वर्षं अंधारात मंद शिजलं.
मी हुंगून पाहिलं.
विझलेल्या कंदिलाचा वास.
तेल आत आहे, तो म्हणाला, पण त्याला वाट नाही.

तर वाट अशी:
तीन किलोमीटर सरळ खाली, मग नळी वळते
आणि आडवी चालू लागते,
आमच्या शेळ्यांच्या वाड्याखालून, क्लोतिल्देबाईंच्या नासपतींखालून,
शाळेच्या झेंड्याखालून.
मग नदीचं पाणी.
पाणी मुरतं असं म्हणतात.
हे मुरत नाही. हे घुसवतात,
दगड हो म्हणेपर्यंत.

आणि दगड फुटला तरी भेग लगेच मिटायला बघते.
उरावर तीन किलोमीटर ओझं असेल तर
कोण मिटणार नाही?
म्हणून वाळू. एकेक कण फटीत बसून राहतो,
उंबऱ्यात पाय घातलेल्या वसुलीवाल्यासारखा.
माझी वाळू.

पाणी परत येतं ते खारट,
त्या जुन्या समुद्राचं मीठ घेऊन,
आणि कवटीचं चित्र असलेल्या पिंपांतलं काहीबाही.
ते पुन्हा दुसऱ्या विहिरीत कोंबतात.
मग कुठेतरी झोपलेला जुना खडक कूस बदलतो
आणि आईच्या फडताळात पेले एकमेकांना लागतात.
रात्री मशाली जळतात वायूच्या.
कोंबडा आता कधीही आरवतो.

गेल्या खेपेला ती म्हणाली,
एवढी वाळू नेतोस, एक पिशवी घरी आण.
लिंपायला हवी.
मी आणली. कुणी विचारलं नाही.
तिने माती भिजवली, पेंढा घातला, तळव्याने थापलं.
दुसऱ्या दिवशी सगळा गिलावा खाली,
भेग होती तशी, दात दाखवत.

धरत नाही ही, आई म्हणाली.
चिमूट बोटांत चोळून पाहिली, दिव्यापाशी नेली.
कण गोल होते, सगळे सारखे.
मी सांगितलं, मुद्दाम निवडतात,
गोल कणांमधून तेल वाहतं.
कोन असलेली वाळू एकमेकींना धरून बसते,
ती कंपनीला चालत नाही.

तिने काही म्हटलं नाही.
घमेलं उचललं, ओढ्यावर गेली,
खरखरीत वाळू घेऊन आली
आणि पहिल्यापासून लिंपायला बसली.
मी माते उकळत ठेवलं.

पहाटे पेले वाजले.
खुर्ची सरकल्याचा आवाज, मग पेन्सिल.
उजाडल्यावर मी वाचलं. नवीन रेघ,
ओल्या गिलाव्याच्या दोन बोटं वर,
तारीख,
आणि शेजारी: ‘मुलगा घरी होता.’