सूचना क्रमांक सात

मार्वेच्या तरीत मांडीवर खळीचा डबा,
बगलेत गुंडाळलेला कागद.
तरवाला सुटे पैसे मोजता मोजता विचारायचा,
"आज काय, मॅडम? पाया की पातं?"
मी सांगायचे, पाया.
तो शेजारच्या टोपलीवालीला सांगायचा,
आणि पलीकडे उतरेपर्यंत
अर्ध्या वेलखाडीला कळलेलं असायचं
टेकडीवर किती फूट खणलं ते.
फळ्यासाठी उरायचं फक्त चिकटवणं.

अंधेरीच्या ऑफिसात मला दिलेलं काम एका ओळीचं:
गावाला माहिती देत राहणे.
त्यातलं 'राहणे'
मी बरेच दिवस वाचलंच नव्हतं.

पहिल्या सूचनेत मी लिहिलं,
वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला सहा मीटर.
आठवड्याने आले तर खाली खडूने कुणीतरी:
कुठला वारा?

अक्षर कुणाचं ते कुणी सांगेना.
बोंबलांच्या वलांडीखाली इनास बसला होता, त्याला विचारलं.
"मतलई पहाटेचा, तो होडी बाहेर काढतो.
खारा दुपारचा, तो आत आणतो.
आणि एक असतो मधला, वाहतच नाही धड.
त्याला नाव नाही. त्यात जाळी शिवायची.
तुझा सहा मीटर यातला कुठला?"

मी इंजिनियरला विचारलं.
तो हसला, मग खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"तिघांचा मिळून."
सूचना दोनमध्ये तेवढंच छापलं.

कार्मेलीनचा प्रश्न सावलीचा होता.
नकाशात तिचं घर एक ठिपका.
मी त्या ठिपक्याच्या ओसरीवर जाऊन बसले,
मावळतीकडे बोट धरून सांगितलं:
फेब्रुवारीत सतरा दिवस,
पावणेसहा ते सव्वासहा,
पात्याची सावली इथून फिरेल, या पायरीपर्यंत.
तिने कॅलेंडरवर सतरा फुल्या मारल्या.
"मी जाईन गं बहिणीकडे गोराईला. पण कोंबड्या?"
कोंबड्यांचं मला माहीत नव्हतं.
तसंच लिहिलं: माहीत नाही, विचारून सांगू.
ऑफिसने त्या ओळीखाली लाल शाई ओढली.
आपण असं लिहीत नाही, म्हणे.
मी पुसलं नाही.

सूचना सहा:
पाती तराफ्यावरून येतील, बुधवारी, सकाळच्या भरतीला.

आली मंगळवारी रात्री.
हिराजींची डोल खाडीत लावलेली,
ती खुंटांसकट गेली.

बुधवारी माझा कागद फळ्यावर शाबूत.
फाडला असता तर बरं वाटलं असतं.
फक्त 'बुधवारी' या शब्दाखाली
खडूची एक रेघ,
शाळेत मास्तर ओढायचे तशी.

आज सातवी.
ऑफिसचा मसुदा 'तांत्रिक कारणास्तव' ने सुरू होतो.
तरीत बसून मी तो उलटा केला,
कोऱ्या बाजूवर पेनाने, तर हलत असताना, वाकडंतिकडं:
तारीख चुकली. चूक आमची.
बेत बदलल्याचं आम्हाला मंगळवारी दुपारी चारला कळलं होतं.
फोन करायला वेळ होता. केला नाही.
जाळ्याचे किती, ते हिराजी सांगतील.

तरवाल्याने खांद्यावरून वाचलं.
या खेपेला तो टोपलीवालीला काही बोलला नाही.

मी खळी लावली.
छापील बाजू भिंतीकडे तोंड करून बसली.
मागे हिराजी येऊन उभे.
एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
मग सदऱ्याच्या खिशातून खडूचा तुकडा काढला
आणि माझ्या ओळींखाली, त्याच ओळखीच्या अक्षरात:
मंगळवारी रात्री वारा मधला होता.
म्हणून काढला तराफा.
आम्हाला विचारलं असतं तर
सोमवारीच सांगितलं असतं.

खडू त्यांनी माझ्या हातात दिला.
काय लिहावं, सुचेना.
तेवढ्यात बोळातून कार्मेलीन,
"काय गं, कोंबड्यांचं विचारलंस?"