मागच्या पानावर

रात्री तीन-चाळीसला मी टेंभीपाड्याचा व्हॉल्व्ह उघडतो.
लांब चावी, बावीस फेरे.
जमिनीखालून आधी हवा येते, खोकल्यासारखी,
मग पाणी.
ते तळपायांना कळतं.
सतरा वर्षं झाली, चुकत नाही.

बाळाचं काहीच कळत नाही.

पहिल्या दिवशी एक लंगोट ओला.
दुसऱ्या दिवशीही एकच,
तोही ओला म्हणावा की नुसता दमट
यावर वैजयंता आणि मी
ट्यूबलाइटखाली धरून बराच वेळ भांडलो.
मग त्यावरचा विटकरी डाग दिसला
आणि दोघं गप्प झालो.

भोईर सिस्टर म्हणाल्या, रक्त नाही ते.
दूध कमी पोचतंय, एवढंच सांगतंय.
जेवढे दिवस तेवढे ओले लंगोट, हिशेब सोपा आहे.
झोपला तरी उठवा, तळवे चोळा, दर दोन तासांनी पाजा.
रात्रीत शू नाही झाली तर सकाळी आठला इथे.
आणि वरचं पाणी नाही. मध नाही.
थेंबसुद्धा नाही.

सासूबाईंनी अळिवाची खीर केली, बाळंतशोपा भाजल्या.
वैजयंताने त्याला पुन्हा पदराखाली घेतलं.
चीक, पिवळा, घट्ट, बोटाला चिकटेल एवढाच.
गावी गाय व्याली की आम्ही खरवस खायचो,
वासराचा विचार कोणी केल्याचं आठवत नाही.

ओठ सुकलेले. तोंड लावतो, सोडतो, झोपतो.
मी ओट्याजवळ उभा,
हातात चमचा कधी आला कोण जाणे.
साडेअकरा हजार घरांचं पाणी माझ्या मनगटात
आणि ह्याला चमचाभर द्यायचं नाही.
चमचा परत ठेवला. वाजला.
ती काही बोलली नाही.

ड्युटीच्या वहीत मागच्या पानावर लिहितो:
डावी बाजू १.१०, अकरा मिनिटं.
उजवी १.२५, झोपला.

फोन आला तेव्हा मी चौदाव्या फेऱ्यावर होतो.
'झाली,' ती म्हणाली, 'माझ्या मांडीवर, चादरीवर,
आईच्या शालीवर. रंग नाही काही. पाण्यासारखी.'
मी विचारलं, किती वाजता?
ती हसली की रडली
ते पाइपात हवा आल्यामुळे ऐकू आलं नाही.

सोमवारी ज्युनिअर इंजिनिअरने वही चाळली.
टेंभीपाडा, ३.४० सुरू. बरोबर.
'आणि खाली हे काय, राऊळ?
३.४६ सुरू, लगेच बंद. हा कुठला व्हॉल्व्ह?'

नवीन आहे, साहेब, म्हणालो.
अजून नाव ठेवायचंय.